डिजिटल टीव्ही: स्ट्रेंथ ९६, तरी चित्र फुटतं. मोठी अँटेना घेऊ का?

खिडकीशेजारी

छतावरच्या अँटेनावरून डीव्हीबी-टी२ (जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारं डिजिटल टीव्ही) प्रक्षेपण बघतो. डिश नाही, केबल जोडणी नाही. प्रक्षेपण केंद्र ३८ किलोमीटरवर आहे. मध्ये डोंगर नाही, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात झाडं आणि इमारती आहेत. अँटेना जुनी, १८ काड्यांची यागी (एका दांड्यावर ओळीने आडव्या काड्या असलेली), जमिनीपासून साधारण ९ मीटरवर. प्रक्षेपण आडव्या ध्रुवणाचं (लहरीचं कंपन आडवं), म्हणून काड्याही आडव्या. तिच्या खाली पाइपावरच २६ डेसिबलचा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा. तिथून २२ मीटर आरजी-६ केबल घरात, मग बूस्टरचा पॉवर सप्लाय, दोन तोंडांचा स्प्लिटर आणि दोन टीव्ही.

टीव्हीच्या सिग्नल पानावरचे आकडे:

चॅनेल २४, ४९८ मेगाहर्ट्झ: स्ट्रेंथ ६२, क्वालिटी १००
चॅनेल २७, ५२२ मेगाहर्ट्झ: ६४, १००
चॅनेल ३१, ५५४ मेगाहर्ट्झ: ६७, ९५ ते १००
चॅनेल ४१, ६३४ मेगाहर्ट्झ: ८५, ६० ते ७०
चॅनेल ४४, ६५८ मेगाहर्ट्झ: ९२, ४०
चॅनेल ४७, ६८२ मेगाहर्ट्झ: ९६, ० ते ३५

४७ वर चित्राचे चौकोन होतात, आवाज चिरकतो आणि मग "सिग्नल नाही" येतं. ४४ संध्याकाळी अडखळतो. याशिवाय पाऊस किंवा वारा असला की सगळेच चॅनेल अधूनमधून दोन-तीन सेकंद जातात. दुसऱ्या टीव्हीवर आणखी एक भानगड आहे: २७ वरच्या गठ्ठ्यातल्या (एकाच चॅनेलवरून एकत्र येणाऱ्या वाहिन्यांतल्या) दोन वाहिन्यांचा आवाज येतो पण पडदा काळा.

मोठी अँटेना घ्यावी की बूस्टर ३५ डेसिबलचा करावा? आणि घ्यायची तर कोणत्या प्रकारची?

पंचाहत्तर_ओहम

आधी काहीच विकत घेऊ नका. अर्धं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे, आणि ते "सिग्नल कमी पडतोय" असं नाही.

स्ट्रेंथ म्हणजे टीव्हीतल्या ट्यूनरपर्यंत किती ऊर्जा पोचतेय. ती ऊर्जा कामाची की कचरा, हे त्या पट्टीला कळत नाही. क्वालिटी म्हणजे त्या ऊर्जेतून डेटा किती शुद्ध निघतोय. दोन्ही कमी असतील तर सिग्नल कमजोर आहे किंवा वाटेत कुठेतरी गळतोय. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी ढासळलेली असेल तर तीन संशयित: बूस्टर किंवा ट्यूनर झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नलने तुंबलाय, बाहेरून हस्तक्षेप होतोय, किंवा परावर्तित लहरी एकमेकींना मारतायत. तुमच्याकडे चॅनेल क्रमांक चढतो तशी स्ट्रेंथ चढते आणि क्वालिटी उतरते. हा आकृतिबंध बूस्टर तुंबल्याचा आहे, आणि तुंबवणारं बहुधा टीव्हीचं प्रक्षेपण नसून मोबाइलचा मनोरा आहे.

कारण असं. पूर्वी बऱ्याच देशांत यूएचएफ टीव्हीचा पट्टा ४७० ते ८६२ मेगाहर्ट्झ होता. जुन्या रुंदपट्टी यागी त्याच हिशेबाने बनलेल्या. यागीचा स्वभावच असा की फ्रिक्वेन्सीबरोबर तिचा गेन (समोरचा सिग्नल ती किती जोरात पकडते ते माप) चढत जातो, वरच्या टोकाजवळ सर्वांत जास्त होतो आणि त्यानंतर एकदम कोसळतो. पुढे ८०० आणि मग ७०० मेगाहर्ट्झचे पट्टे मोबाइलकडे गेले. म्हणजे तुमची अँटेना नेमकी जिथे सर्वांत जोरदार ऐकते, तिथे आज मोबाइल बोलतोय. ४जी-५जीच्या मनोऱ्याकडून मोबाइलकडे येणारा बँड २८ चा सिग्नल ७५८ ते ८०३ वर आणि बँड २० चा ७९१ ते ८२१ वर असतो. मनोरा अर्ध्या किलोमीटरवर आणि टीव्हीचं केंद्र ३८ किलोमीटरवर, तर कोणाचा आवाज मोठा हे उघड आहे. बूस्टर सगळंच २६ डेसिबलने फुगवतो. त्याच्या मर्यादेपलीकडे गेलं की तो लहरी एकमेकींत मिसळून नवीन लहरी तयार करतो, आणि तो कचरा मोबाइलच्या पट्ट्याच्या लगतच, म्हणजे आधी ४७, मग ४४, मग ४१ वर पडतो. संध्याकाळी मोबाइलची वर्दळ वाढते, म्हणून ४४ तेव्हा अडखळतो.

हे तर्कावर सोडू नका, तपासा. एफ कनेक्टरचा (अँटेना केबलच्या टोकाला असतो तो आट्यांचा जोड) १० डेसिबलचा अटेन्युएटर घ्या, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करणारा बोटभर लांबीचा नळकांडीसारखा तुकडा. तो अँटेना आणि बूस्टर यांच्या *मध्ये* लावा. बूस्टरनंतर लावून उपयोग नाही, कारण नासाडी बूस्टरच्या आतच झालेली असते. सिग्नल घटवल्यावर ४७ ची क्वालिटी *वाढली*, तर निदान पक्कं.

दुसरी चाचणी: बूस्टर पूर्ण काढून अँटेनाची आणि खालची केबल एफ-टू-एफ जोडणीने थेट जोडा. त्याआधी पॉवर सप्लाय भिंतीतून काढा आणि केबलच्या वाटेतूनही काढा. बऱ्याच अँटेनांचा बालन (अँटेना आणि केबल जुळवणारा भाग) डीसीला शॉर्ट दिसतो, त्यामुळे सप्लाय चालू राहिला तर जळेल. आणि बूस्टर जागेवर ठेवून फक्त त्याची वीज बंद करणं ही चाचणी होत नाही. वीज नसलेला बूस्टर सिग्नल नुसता पुढे जाऊ देत नाही, बऱ्यापैकी अडवतो.

आता हिशेब, कारण याशिवाय बूस्टरबद्दल बोलणं म्हणजे अंधारात दगड मारणं. ८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये ७५ ओहमवर नैसर्गिक गोंगाटच साधारण ४ डीबीमायक्रोव्होल्ट (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) असतो. ट्यूनर स्वतःचा ६-७ डेसिबल घालतो, झाले १० ते ११. २५६-क्यूएएमचं (डेटा दाटीने भरायची पद्धत) नेहमीचं टी२ प्रक्षेपण उलगडायला गोंगाटाच्या वर साधारण २० डेसिबल लागतात. म्हणजे ३० च्या आसपास चित्र जेमतेम उभं राहतं. हवामान, झाडं, ओल यांसाठी १५ डेसिबल हाताशी ठेवले की ४५ होतात. म्हणून टीव्हीच्या तोंडाशी ४५ ते ७० डीबीमायक्रोव्होल्ट हवेत, त्यातही ५० ते ६० उत्तम. तुमच्या अँटेनाच्या टोकाशी समजा ६० मिळतात. २२ मीटर आरजी-६ साधारण ४ खाते, दोन तोंडांचा स्प्लिटर ४. टीव्हीशी ५२ उरले, बूस्टरशिवाय! २६ डेसिबलच्या बूस्टरने तेच ७८ होतात, मोबाइलचा भार वेगळाच. ३५ चा लावलात तर ४७ बरोबर ३१ सुद्धा जाईल.

तांबं_आणि_फॉइल

वरचं निदान पटलं. पण पाऊस-वाऱ्यात *सगळे* चॅनेल एकदम जातात, हा वेगळा दोष आहे, आणि तो बूस्टर बदलून जाणार नाही. सगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच क्षणी जातात म्हणजे कुठेतरी संपर्क तुटतोय किंवा पाणी शिरलंय. अँटेनाच्या डब्यापासून सुरुवात करा.

डब्याचं झाकण उघडलं की आत बालनची छोटी पाटी दिसेल. स्क्रूखाली केबल दाबलेली असेल तर मधल्या तारेवर हिरवट थर आलाय का आणि बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला शिवतोय का ते बघा. तो एक केस वाऱ्यात हलला की शॉर्ट होतो आणि सुटतो, दोन-तीन सेकंदांचं गायब होणं तेच. डब्याच्या तळाला पाणी निघून जायला भोक असतं. अँटेना उलटी बसवली असेल तर तेच भोक वर येतं आणि डबा पाण्याने भरतो. हे बऱ्याचदा दिसतं.

मग केबल. वरच्या टोकाचं बाहेरचं आवरण दहा सेंटिमीटर कापून बघा. जाळी लख्ख असेल तर ठीक. काळपट, पावडर सुटणारी असेल तर पाणी आत गेलंय, आणि जाळी वातीसारखं पाणी कित्येक मीटर खाली ओढते. अशी केबल वाळवून सुधारत नाही, पूर्ण बदला. बाहेर काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची घ्या. पांढरं पीव्हीसी उन्हात काही वर्षांत तडकतं. आत पूर्ण फॉइल आणि त्यावर दाट जाळी असलेली ७५ ओहमची हवी. नुसत्या विरळ जाळीच्या स्वस्त केबलमधून मोबाइलचा सिग्नल थेट आत शिरतो, मग अँटेनाजवळ कितीही चांगला फिल्टर लावा. आरजी-५८ दिसायला जवळपास तशीच असते पण ५० ओहमची, ती नको.

एफ कनेक्टर लावताना बहुतेक चुका अर्ध्या मिनिटाच्या घाईत होतात. बाहेरचं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला. जाळी कापायची नाही, मागे वळवून आवरणावर बसवायची. फॉइल पांढऱ्या इन्सुलेशनला चिकटलेलं राहू द्या. मग टोकाकडचं ७-८ मिलिमीटर इन्सुलेशन कापून तांब्याची तार उघडी करा. ब्लेड तांब्यावर टेकवू नका, ओरखडा पडला की तार तिथेच मोडते. कनेक्टर सरकवल्यावर आत बघा: पांढरं इन्सुलेशन आतल्या कडेशी अगदी सपाट आलं पाहिजे, आणि तार नटाच्या ओठाबाहेर २-३ मिलिमीटर. इन्सुलेशन मागे राहिलं तर तार समोर पोचत नाही, सॉकेटातला चाप नुसता हवेत राहतो. पीळ देऊन बसणाऱ्यापेक्षा दाबून बसणारा कॉम्प्रेशन कनेक्टर बाहेरच्या जागेसाठी घ्या.

बाहेरच्या प्रत्येक जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून. विजेच्या कामाची साधी टेप एका उन्हाळ्यात सुटते. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली लोंबती कमान ठेवा म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

मल्टिमीटर असेल तर केबल *दोन्ही* टोकांनी सोडवा. मधली तार आणि जाळी यांच्यात काहीच वहन दिसू नये. मग एका टोकाला दोन्ही जोडून दुसऱ्या टोकाला मोजा: २२ मीटरला २-३ ओहमच्या आत यायला हवं. सोडवायला विसरलात तर अँटेनाचा बालन शॉर्ट दाखवेल आणि चांगली केबल फेकाल.

गच्ची_नाही

मध्येच विचारतो. छतावर जाता येत नसेल तर घरातली अँटेना कितपत चालते? "४के अल्ट्रा, ३०० किलोमीटर" असं लिहिलेली पातळ चिकटवायची अँटेना दिसते, ती घ्यावी का?

लॉग_पिरियॉडिक

तो ३०० किलोमीटरचा आकडा सोडून द्या. यूएचएफ लहर जवळपास सरळ जाते. रेडिओ क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये काढायचं तर ४.१२ गुणिले दोन्ही उंचींच्या वर्गमुळांची बेरीज, उंची मीटरमध्ये. मनोरा १५० मीटर आणि अँटेना ९ मीटर धरली तर ४.१२ × (१२.२५ + ३), म्हणजे सुमारे ६३ किलोमीटर. पलीकडे सिग्नल झपाट्याने ओसरतो. स्थिर हवेत कधीकधी शेकडो किलोमीटरवरून येतो, पण त्यावर रोजची बातमी बघता येत नाही. आणि अँटेनाला ४के किंवा एचडी कळतच नाही, तिला फक्त फ्रिक्वेन्सी, दिशा आणि ध्रुवण कळतं.

घरातल्या अँटेनाचा गेन जेमतेम ० ते २ डीबीआय (गेनचं एकक), भिंत खाते ते वेगळं, काँक्रीट आणि सळ्या असतील तर फारच. उष्णता परतवणाऱ्या काचेवर धातूचा अदृश्य थर असतो, तिच्याआड अँटेना लावणं म्हणजे डब्यात ठेवणं. केंद्र १५ किलोमीटरच्या आत असेल आणि खिडकी त्या बाजूला असेल तर जमू शकतं. तसं असेल तर बूस्टरविना साधी घ्या, तीन-चार मीटर लांब केबल जोडा आणि खोलीभर हिंडवून जागा शोधा. अर्ध्या मीटरने क्वालिटी ३० ची ९० होते. एचडीएमआय केबल, यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क, स्वस्त एलईडी दिवे यांच्यापासून मीटरभर लांब ठेवा, ही सगळी यूएचएफमध्ये गोंगाट सोडतात. माणूस खोलीत चालला की चित्र तुटत असेल तर तिथे गरजेपेक्षा जास्तीचा सिग्नल उरलेलाच नाही, बाल्कनीतली छोटी बाहेरची अँटेना बघा.

खिडकीशेजारी

चाचण्या केल्या. अँटेना आणि बूस्टरच्या मध्ये १० डेसिबलचा अटेन्युएटर: ४७ ची क्वालिटी ३० वरून ८८, ४४ ची १००, पण २४ ची १०० वरून ८०. बूस्टर काढून थेट जोडणी: ४७ स्ट्रेंथ ५८ क्वालिटी ९५, ४४ आणि ४१ पूर्ण १००, २४ स्ट्रेंथ ४० क्वालिटी ७०. अँटेनाच्या डब्यात तळाला पाणी होतं, भोक वरच्या बाजूला. केबलची वरची दोन मीटर जाळी काळी.

मग आता २४ साठी काय करू?

पंचाहत्तर_ओहम

निदान पक्कं झालं. केबल आधी पूर्ण बदला आणि २४ पुन्हा मोजा, त्या ओल्या केबलमध्येच काही डेसिबल जात असणार.

एक सावधगिरी: हे आकडे टक्के म्हणून छापलेले असतात, पण प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी. एका टीव्हीच्या ७० ची दुसऱ्याच्या ७० शी तुलना करू नका. आणि क्वालिटी १०० म्हणजे निर्धास्त असंही नाही. १०० चा शिक्का मारायला गरजेपेक्षा थोडासाच जास्त सिग्नल पुरतो. खरी शिल्लक मोजायची असेल तर टीव्हीच्या मागे ३, मग ६, मग १० डेसिबलचे अटेन्युएटर लावत जा आणि कितीला चौकोन पडायला लागतात ते टिपा. १० ला टिकलं तर पावसाळा निघेल. ३ ला पडलं तर आज चित्र सुंदर दिसत असूनही तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात. डिजिटलमध्ये जुन्यासारख्या मुंग्या येऊन इशारा मिळत नाही, दोन डेसिबलच्या आत चित्र पूर्ण चांगल्यावरून पूर्ण गायब होतं.

लॉग_पिरियॉडिक

अँटेना बदलण्याचं तुमच्याकडे खरं कारण आहे, पण ते "मोठी हवी" असं नाही. २४ ला जास्त आणि ७०० च्या वर कमी गेन देणारी हवी. सध्याची यागी नेमकी उलटं करते.

माझी पसंती लॉग पिरियॉडिक, म्हणजे टोकाकडे काड्या लहान होत जाणारी अँटेना. गेन ७-८ डीबीआय, कागदावर यागीच्या निम्मा वाटेल, पण ४७० पासून ६९४ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे मोबाइलला पट्टे दिल्यावर टीव्हीला उरलेल्या पट्ट्यात, जवळपास सपाट. मागून आणि बाजूने येणारं ती चांगलं कापते. ध्रुवण बदलायचं तर नव्वद अंशात फिरवा, झालं. ३८ किलोमीटर, मध्ये डोंगर नाही, मुख्य केंद्र: इथे ती पुरेशी ठरावी. घेताना "४७०–६९४" अशी मर्यादा लिहिलेली घ्या. ज्यांवर अजून ८६२ लिहिलंय त्या मोबाइलसह येतील.

काड्या मोजून अँटेना निवडू नका, लांबी मोजून पारखा. अर्धी तरंगलांबी सेंटिमीटरमध्ये म्हणजे १५००० भागिले मेगाहर्ट्झ. ४९८ साठी ३० सेंटिमीटर, ६८२ साठी २२. एखाद्या यूएचएफ अँटेनाची सर्वांत लांब सक्रिय काडी २० सेंटिमीटर असेल तर ती २४ नीट पकडणार नाही, काड्या चाळीस असल्या तरी. काही ठिकाणी एखादा गठ्ठा व्हीएचएफवर, १७४ ते २३० मेगाहर्ट्झमध्ये असतो. तिथे काडी ६५ ते ८६ सेंटिमीटर लागते. हातभर रुंदीची "ऑल बँड" अँटेना ते काम करूच शकत नाही, भौतिकशास्त्र आड येतं.

मागे जाळी आणि पुढे फुलपाखरी पंखांच्या चार जोड्या, अशी पॅनेल अँटेना कधी? झाडांआडून किंवा पसरून येणाऱ्या सिग्नलला. तिचा झोत आडवा रुंद, उभा अरुंद असतो, गेन १० ते १२ डीबीआय. मात्र वारा भरपूर धरते, पाइप मजबूत हवा.

पंचाहत्तर_ओहम

लॉग पिरियॉडिक चांगलीच, पण ती सर्वांसाठी उत्तर नाही. ५५ किलोमीटरवर, किंवा टेकडीच्या काठाला चाटून येणारा सिग्नल असेल तर ६९४ च्या वरचं न पकडणारी लांब यागी घ्यावी लागते. तिथे ४ डेसिबल म्हणजे चित्र आणि काळा पडदा यांतला फरक. बदल्यात झोत तीसेक अंशांचा, त्यामुळे रोख काटेकोर लागतो.

तरीही बूस्टर लागलाच तर क्रम असा: अँटेना, मग ६९४ च्या वरचं अडवणारा मोबाइल फिल्टर, मग बूस्टर. फिल्टर बूस्टरच्या आधी. गेन १० ते १५ डेसिबल, नॉइज फिगर (बूस्टर स्वतः किती गोंगाट घालतो ते) २ डेसिबलच्या आत. बूस्टर वर पाइपावरच, टीव्हीमागे नाही. केबल ४ डेसिबल खाते तेव्हा गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल तेवढा घसरतो, आणि खाली बूस्टर लावून तो घसरलेला सिग्नल गोंगाटासह मोठा होतो, परत शुद्ध होत नाही. बूस्टरचं खरं काम पुढच्या केबलची आणि स्प्लिटरची भरपाई करणं हे आहे.

स्प्लिटरचं एखादं तोंड रिकामं असेल तर ७५ ओहमची टोपी लावा. चार तोंडांचा उगाच लावू नका, तो ७-८ डेसिबल खातो.

सरळ_रेषा

बसवणं आणि ट्यूनिंग यांबद्दल, कारण चांगली अँटेना इथे वाया जाते.

रोख आधी नकाशावरून काढा: घर ते मनोरा सरळ रेषा, मग कंपासने दिशा. कंपास लोखंडी पाइपाला चिकटून धरू नका. दिशा जमल्यावर सर्वांत कमजोर चॅनेल लावून ठेवा, तुमच्याकडे २४. पाच-पाच अंश फिरवा आणि प्रत्येक वेळी १० सेकंद थांबा. टीव्हीची पट्टी उशिरा हलते, घाईत फिरवणारा माणूस योग्य जागा ओलांडून जातो. स्ट्रेंथकडे नाही, क्वालिटीकडे बघा. ती ज्या दोन टोकांना पडायला लागते त्यांच्या मधोमध घट्ट करा. मग पाइप वर-खाली अर्धा मीटर सरकवून बघा. जवळच्या छपरावरून किंवा पाण्याच्या टाकीवरून परतणारी लहर थेट लहरीला एखाद्या उंचीवर मारते आणि अर्ध्या मीटरवर सोडून देते. टी२ परावर्तन बरंच पचवतं, २८ मायक्रोसेकंदाचा गार्ड इंटरव्हल (उशिरा येणाऱ्या लहरींसाठी राखलेला वेळ) असला तरी ८.४ किलोमीटर जास्त फिरून आलेली लहर चालते. पण दोन लहरी एकमेकींना खोडतात त्या फ्रिक्वेन्सीवर खड्डा पडतोच. सर्वांत उंच जागा हीच सर्वांत चांगली असं गृहीत धरू नका.

ध्रुवण तुमचं बरोबर आहे. बाकीच्यांसाठी: मुख्य केंद्रं बहुधा आडवी, छोटी रिले केंद्रं बऱ्याचदा उभी. काड्या चुकीच्या दिशेला असतील तर १५ ते २० डेसिबल जातात, म्हणजे सगळंच.

पाइप आणि केबलची जाळी घराच्या मुख्य अर्थिंगला जोडा. त्यासाठी १६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, वाट शक्य तितकी सरळ. तरीही थेट वीज पडण्यापासून हे संरक्षण नाही. गडगडाटात छतावर जायचं नाही, आणि पाइप कोसळला तरी विजेच्या तारांना पोचणार नाही एवढं अंतर आधी मोजायचं. वारा असेल त्या दिवशी काम पुढे ढकला.

तुमच्या दुसऱ्या टीव्हीचा काळा पडदा अँटेनाचा दोष नाही. यादीत नाव येतं, आवाज येतो, म्हणजे सिग्नल उलगडलाय. त्या दोन वाहिन्यांचं चित्र बहुधा एचईव्हीसीत (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) येतंय आणि टीव्ही त्याआधीच्या एच.२६४ पर्यंतच वाचतो. टी२ ट्यूनर असणं आणि एचईव्हीसी उलगडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचईव्हीसी वाचणारा सेट-टॉप बॉक्स त्या टीव्हीला जोडा, तोच इलाज.

शेवटी ट्यूनिंग. चॅनेल गेला की लगेच पूर्ण सर्च मारू नका. सिग्नल गेलेला असताना सर्च केलात तर टीव्ही चांगली यादीसुद्धा पुसतो. स्थिर, दमट हवेत लांबच्या केंद्राचा सिग्नल येऊन अडथळा करतो तेव्हा थांबा, एक-दोन दिवसांत तो ओसरतो. केबल आणि अँटेना झाल्यावर मॅन्युअल सर्चमध्ये एकेक क्रमांक द्या: २४, २७, ३१, ४१, ४४, ४७. टीव्ही क्रमांकाऐवजी फ्रिक्वेन्सी मागत असेल तर ८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलसाठी ३०६ अधिक ८ गुणिले क्रमांक. ऑटो सर्चच करावा लागला आणि शेजारच्या केंद्राच्या वाहिन्या यादीत शिरल्या, तर ते केंद्र कोणत्या क्रमांकांवर आहे ते बघा आणि सर्च त्या क्रमांकांवर असेल तेवढा वेळ अँटेनाची पिन काढून ठेवा.

खिडकीशेजारी

केबल आणि ४७०–६९४ ची लॉग पिरियॉडिक बसवली, डबा भोक खाली ठेवून. बूस्टर नाही. २४: ५२ आणि १००. ४७: ५५ आणि १००. टीव्हीमागे ६ डेसिबल घालून सहाही टिकतात, १० घातले की फक्त २४ वर चौकोन पडतात. पावसात अजून बघायचंय.

पंचाहत्तर_ओहम

२४ ची शिल्लक ६ ते १० च्या मध्ये आहे, अजून थोडी हवी. स्प्लिटर तात्पुरता काढून एकाच टीव्हीवर मोजा. १० ला टिकलं, तर तिथलेच ४ डेसिबल आड येतायत. पावसात २४ गेलाच तर फिल्टर आणि १० डेसिबलचा पाइपावरचा बूस्टर, त्याहून मोठा नको.